चौतीस नंबरची बाही

सकाळचे आठ वाजले होते. गॅसवर दूध वर येऊ पाहत होतं, मुलगा आतून टॉवेल मागत होता, सुनेच्या एका हातात डब्याचं झाकण आणि दुसऱ्या हातात कंगवा होता, आणि टाकेबाई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून कुणाच्या तरी स्वेटरचे टाके मोजत होत्या. मोजत असताना त्यांच्याशी बोलायचं नाही, हा घरातला जुना नियम. कुणी बोललंच तर त्या थांबत नसत, पुढचा आकडा तेवढा मोठ्याने म्हणत. त्या दिवशीही सुनेने विचारलं, "आई, मीठ कुठे ठेवलंत?" तर उत्तर आलं, "एकोणसत्तर." सून म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, मी अडुसष्टाव्या डब्यात शोधत होते."

तेवढ्यात दार वाजलं. बेल असताना दार ठोकणाऱ्या माणसाचा टाकेबाईंना राग यायचा, पण हा आवाज बोटांचा नव्हता. काठीचा होता. एकदा, आणि मग बऱ्याच वेळाने पुन्हा एकदा.

सुनेने दार उघडलं. बाहेर थोरल्या जाऊबाई उभ्या होत्या. राहायच्या खालच्याच मजल्यावर, पण दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्या बावीस पायऱ्या एकट्याने कधी चढल्या नव्हत्या. उजवा हात छातीशी मुडपलेला, डाव्या हातात काठी, श्वास लागलेला, आणि गळ्यात अडकवलेल्या कापडी पिशवीतून पिवळी लोकर डोकावत होती.

"अहो जाऊबाई, निरोप पाठवायचा ना, मी आले असते की खाली," असं म्हणत टाकेबाई लगबगीने उठल्या. सत्तराव्या टाक्याला सेफ्टी पिन लावून ठेवायला मात्र विसरल्या नाहीत.

टाकेबाई हे नाव त्यांना आईवडिलांनी नव्हे, गल्लीने दिलं होतं. मुलींच्या शाळेत त्यांनी एकतीस वर्षं शिवण आणि विणकाम शिकवलं. वर्गात त्यांचं एकच सूत्र होतं, चूक झाकायची नाही, उसवायची. कुणाचं विणकाम बिघडलेलं दिसलं की त्या ते हातात घेत, शांतपणे सुई काढून टाकत आणि धागा ओढत. आठवडाभराचं काम सर्रकन नाहीसं होई आणि मुलीच्या मांडीवर कुरळ्या लोकरीचा ढीग पडे. "आता कर पुन्हा," त्या म्हणत. रागाने नाही, अगदी प्रेमाने म्हणत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या कित्येक मुली उत्तम विणायला शिकल्या, हे खरंच आहे. पण औषधाच्या दुकानात एकदा एक जुनी विद्यार्थिनी भेटली होती. ती हसत हसत म्हणाली, "बाई, तुम्ही माझा मोजा उसवलात ना, त्या दिवसापासून मी सुई हातात धरली नाही बघा." टाकेबाईही हसल्या आणि घरी येऊन त्यांनी तो किस्सा सगळ्यांना सांगितला. तेव्हा तो किस्साच वाटला होता.

सात आठवड्यांपूर्वी वर डोंगरात भूकंप झाला. गावंच्या गावं बसली, उरलेली माणसं बाजाराच्या मैदानात तंबू ठोकून राहिली, आणि थंडी तर तोंडावर आली होती. खाली शहरातून कपड्यांचे ढीग जाऊ लागले. कुणीतरी म्हणे सूट पाठवला, टायसकट. टाकेबाई ते ऐकून चिडल्या. "घरातली अडगळ काढायची आणि वर पुण्य मिळवायचं. एका दगडात दोन पक्षी," त्या म्हणाल्या. आपल्या गल्लीतून जाईल ते नवं जाईल, हाताने विणलेलं जाईल आणि मुलाच्या मापाचंच जाईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. त्यांनी ठरवलं म्हणजे गल्लीने ठरवलंच.

छावणीतल्या दवाखान्याच्या सिस्टरने बासष्ट मुलांची यादी फोनवर पाठवली. सुनेने ती मोठ्या कागदावर रांगेने उतरवून घेतली. नंबर, वय, छाती, लांबी आणि शेवटच्या रकान्यात शेरा. टाकेबाईंनी त्यावरून अठरा बायकांसाठी चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठीवर नंबर, छाती आणि लांबी, बस.

"आणि शेरा?" सुनेने विचारलं होतं.

टाकेबाईंनी वरचे चार शेरे वाचले. लाजाळू आहे. खोकला आहे. धाकटा भाऊही इथेच आहे. पुन्हा खोकला. "लोकरीला खोकल्याशी काय देणंघेणं?" त्या म्हणाल्या आणि कागद बाजूला सारला. तो मूळ कागद थोरलीकडे गेला. दिवसभर खिडकीशी बसून असतात, कुणी नंबर विचारायला आलं तर सांगतील, तेवढाच त्यांनाही विरंगुळा, असा त्यामागे टाकेबाईंचा विचार होता. थोरलीने मात्र भिंग घेऊन तो कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. आणि मग चौतीस या आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा... मी."

सगळ्यांना वाटलं, म्हातारीची हौस. नाही म्हणायचं कुणाच्या जिवावर येणार? थोरली उजव्या काखेत सुई घट्ट दाबून धरायची आणि एकट्या डाव्या हाताने धागा फिरवायची. एका ओळीला अर्धा तास. सव्वा महिना ती रोज तेवढंच करत होती.

तोवर वरच्या मजल्यावर टाकेबाईंचा दरबार भरायचा. येणारा प्रत्येक स्वेटर त्या उजेडात धरून, ताणून, उलटा करून पाहायच्या. बासष्टपैकी चौदा त्यांनी उसवायला लावले. बेकरीवाल्याच्या बायकोचे तर लागोपाठ दोन. ती बिचारी लोकरीचा गुंता छातीशी धरून जिना उतरताना म्हणाली, "डोंगरातला भूकंप परवडला, आमचा तर इथेच झाला." टाकेबाईंनी ते ऐकलं आणि मनावर घेतलं नाही. नावं ठेवणारे ठेवतात, थंडीत वारा शिरतो तो मुलाच्या अंगात शिरतो, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यात चूक काही नव्हती.

तर त्या सकाळी थोरली आत येऊन खुर्चीत टेकली. सुनेने पाणी दिलं, चहा दिला. थोरलीने पिशवीतून स्वेटर काढला आणि टाकेबाईंच्या मांडीवर ठेवला.

टाकेबाईंनी सवयीने तो उजेडात धरला. पुढचा भाग इतका एकसारखा होता की त्यांना आश्चर्य वाटलं. गळा बेताचा, डावी बाही मापात. मग त्यांनी उजवी बाही उचलली आणि त्यांचं तोंड गप्पकन मिटलं. ती बाही नव्हतीच, उशीचा अभ्रा होता. डावीच्या दुप्पट रुंद. शिवलेलीही नव्हती, मनगटापासून काखेपर्यंत उघडी आणि तिथून खाली कुशीतही वीतभर उघडी. बाही जोडायचा मुंढाही एका बाजूला ढगळ. पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या चार नाड्या होत्या, त्याच पिवळ्या लोकरीच्या, वेणीसारख्या गुंफलेल्या.

थोरली त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. झटक्यानंतर तिची वाचा परत आली होती, पण अडत अडत. डोक्यात वाक्य असायचं, जिभेवर त्यातला एखादा शब्द यायचा. "हात..." ती म्हणाली. डाव्या हाताने तिने आपला मुडपलेला उजवा हात जरा वर उचलून दाखवला. "हात... म्हणून... बाही."

टाकेबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं. "अहो, हाताचं काय घेऊन बसलात? या हाताने एवढं झालं हेच डोंगराएवढं."

थोरलीने मान हलवली. "नाही. हात... ति... ति..."

"तीन दिवस आहेत हो अजून टेम्पोला," टाकेबाई म्हणाल्या. "मी बघते सगळं. तुम्ही आता जिवाला घोर लावून घेऊ नका."

थोरलीची वाक्यं पुरी करायची घरात सगळ्यांनाच सवय लागली होती. मायेनेच करायचे सगळे. आणि सगळ्यांत चपळ टाकेबाई. थोरलीचा एक शब्द निघेपर्यंत त्यांचे पाच होऊन जात. आताही थोरली ओठ हलवत राहिली, पण आतून मुलगा बूट शोधत ओरडला, दूध उतू गेलं, सून धावली आणि ती वेळ गेली ती गेलीच.

जायला निघताना मात्र थोरली दारात थांबली. बावीस पायऱ्या चढताना घोकत आली असावी तसं तिने एक अख्खं वाक्य न अडता म्हटलं, "हा तिला बसला पाहिजे."

"बसणार म्हणजे बसणार," टाकेबाईंनी सांगितलं. "नाही बसला तर मी सुया खाली ठेवीन."

या दोघींचं नातं तसं साधं नव्हतं. थोरली चौथीपर्यंत शिकलेली, आणि धाकटी जाऊ ट्रेनिंग कॉलेजचं सर्टिफिकेट घेऊन घरात आलेली. धाकटीला नोकरी लागली तेव्हा तिचं चार महिन्यांचं मूल थोरलीने आपल्या मांडीवर घेतलं ते शाळेत जाईपर्यंत सांभाळलं. त्याच मुलासाठी थोरलीने एक टोपी विणली होती. नुसतं बघून शिकलेलं विणकाम, एका बाजूला कलली होती टोपी. टाकेबाईंनी एका दुपारी ती गुपचूप उसवून नव्याने विणली आणि मुलाच्या डोक्यावर घातली. थोरलीला कळायचं ते कळलंच. पण ती हसली होती. "माझ्या टोपीला कॉलेजात घालून आणलंस होय गं, धाकटे?" एवढंच म्हणाली होती. पुढची चाळीस वर्षं थोरलीने लोणी काढलं, गोधड्या शिवल्या, आजारपणं काढली, पण टाकेबाईंच्या देखत सुई अशी धरली नाही. ती आता धरली होती, या एका स्वेटरसाठी.

दुपारी घर सामसूम झाल्यावर टाकेबाईंनी तो स्वेटर पुन्हा मांडीवर घेतला. उजवी बाही परत एकदा ताणून पाहिली. मग कात्रीने काखेतला टाका तोडला आणि धागा ओढला.

सून कामावरून लवकर आली होती. तिने खुर्चीच्या पाठीवर गुंडाळलेली पिवळी लोकर पाहिली आणि जागीच थांबली. "आई, हा मोठ्या आईंचा ना? विचारा तरी त्यांना."

"विचारून काय होणार? त्यांना वाईट वाटेल. तीच लोकर, तोच रंग. कळणारसुद्धा नाही."

"पण त्यांनीच विणलेला जावा म्हणून..."

"अगं, त्या पोरीने अभ्रा घालून हिंडायचं का?" टाकेबाई म्हणाल्या. "त्यांच्या नावानेच देणार आहे मी. श्रेय नको मला." हे त्या मनापासून बोलत होत्या. आपण जाऊबाईंची लाज राखतोय, असंच त्यांना वाटत होतं. उसवलेली लोकर त्यांनी कोमट पाण्यातून काढली, कुरळेपणा जावा म्हणून खाली वजन बांधून वाळवली आणि तीन दिवस मान वर न करता विणलं. दोन्ही बाह्या तंतोतंत सारख्या. कुशीची शिवण अशी की कुठे जोडलंय ते बोटालाही लागू नये. ढगळपणा निघाल्यामुळे लोकर उरली, त्याची त्यांनी कॉलर केली. आणि त्या चार नाड्या? जाऊबाईंनी गाठोडं बांधायला केल्यात, किती ती हौस, असं म्हणून त्यांनी स्वेटरची गुंडाळी करून त्याच नाड्यांनी ती बांधली. वर चिठ्ठी लावली, चौतीस.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. बासष्ट स्वेटर, सहा खोकी. टाकेबाई स्वतः निघाल्या होत्या. हाताने विणलेली वस्तू हातात द्यायची, टपालाने नाही, हाही त्यांचा एक नियम. टेम्पोवाला त्यांना पुढे आपल्याशेजारी बसवताना म्हणाला, "मावशी, रस्ता मोडका आहे, कंबर सांभाळा." त्या म्हणाल्या, "कंबर माझी आहे, खड्डे तुझे आहेत, तूच सांभाळ."

थोरली खालच्या खिडकीत बसली होती. टाकेबाईंनी मुद्दाम पिवळी गुंडाळी उंच धरून दाखवली, मग उलगडूनही दाखवली, सगळ्यांना दिसावी म्हणून. थोरलीने पाहिलं. तिचा डावा हात गजांपर्यंत वर आला, तोंड उघडलं. टेम्पो सुरू झाला होता. सावकाश जा म्हणत असतील, असं समजून टाकेबाईंनी हात हलवला आणि स्वेटर पुन्हा गुंडाळून नाड्यांच्या गाठी मारल्या.

दुपारी तीनला ते छावणीत पोचले. मैदानभर निळे-पांढरे तंबू, मध्ये धान्याचं एक पक्कं गोदाम आणि त्यातच दवाखाना. जमीन ओली होती, वारा हाडात शिरणारा. सिस्टर ही तिशीची, उंच, बोलायला तोडून टाकणारी बाई होती. तिने टेबल टाकून दिलं, मुलांची रांग लावली आणि नंबर पुकारायला लागली.

टाकेबाईंच्या आयुष्यातली बहुधा सर्वांत सुखाची चाळीस मिनिटं त्या टेबलाशी गेली. एक, दोन, तीन. डोकं गळ्यातून सुटून बाहेर आलं की मूल हसायचं. मापं बरोब्बर. खोकणाऱ्या मुलाला उंच गळा आला होता तो योगायोगानेच. बेकरीवाल्याच्या बायकोचे दोन्ही स्वेटर जुळ्या बहिणींना गेले आणि त्या एकमेकींच्या पोटाला हात लावून बघत बसल्या. टाकेबाई मनात म्हणत होत्या, बघा, उसवलं म्हणून हे असं बसलं.

"चौतीस," सिस्टर म्हणाली.

सहा वर्षांची एक मुलगी पदर धरावा तसा आईचा कोट धरून पुढे आली. तिच्या अंगावर मोठ्या माणसाचं जाकीट नुसतं पांघरलेलं होतं आणि ते दर दोन पावलांनी घसरत होतं. आईने ते काढून घेतलं. आत उजवा हात खांद्याच्या जरा खालपासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये होता, कोपरात मुडपलेला, छातीशी धरलेला.

टाकेबाईंनी तो हात पाहिला. असाच मुडपलेला हात त्यांच्या घरात तीन दिवसांपूर्वी कुणीतरी डाव्या हाताने उचलून दाखवला होता.

"शेऱ्यात लिहिलं होतं मी," सिस्टर म्हणाली. ती तक्रार करत नव्हती, तिला वाटलं व्यवस्था केलेलीच असणार. "भिंतीखाली सापडला हात. अजून तीन आठवडे तरी राहील. ह्यावरून कुठलेच कपडे जात नाहीत, म्हणून तर लिहिलं. उघडी बाही केलीय ना?"

टाकेबाईंनी गुंडाळीच्या नाड्या सोडल्या. एक सोडली, दुसरी सोडली, आणि तिसऱ्या गाठीशी त्यांची बोटं थांबली. चार नाड्या. रुंद बाही प्लास्टरवरून पुढे घ्यायची, आणि मनगटाशी एक, कोपराशी एक, काखेत एक, कुशीत एक. गाठोडं बांधायला कुणी चार नाड्या करतं का? हात म्हणून बाही. ति... ति... तिचा हात. आणि आपण काय म्हणालो, तीन दिवस आहेत हो अजून.

त्यांनी खटपट केली नाही असं नाही. पर्समधली कात्री काढून ती सुंदर शिवण त्यांनी काखेपर्यंत उसवली. पण बाही अंगाबरोबर होती, उघडून अशी किती उघडणार? प्लास्टर मुंढ्यातच अडलं. मुलगी "आई गं" म्हणाली तशी त्यांनी हात मागे घेतला. बाही सोडून नुसतं डोक्यातून घालून पाहिलं, तर प्लास्टरवरून खाली येईना, आणि कॉलर गळ्याशी काचू लागली. ती कॉलर उरलेल्या लोकरीची. ती लोकर ज्या ढगळपणातून निघाली, तो त्या हातासाठी ठेवलेला होता.

मुलीची आई समजूतदार होती. "राहू दे हो बाई, फार छान आहे. हात सुटला की घालेल." रांगेतल्या मुलांना पुढे सरकायचं होतं. सिस्टर म्हणाली, "पस्तीस."

टाकेबाईंनी आपली शाल मुलीच्या खांद्यावर टाकली. ती तिने बसू दिली, पण तिचं लक्ष स्वेटरवर होतं. बाजूला दगडावर बसून तिने तो घडी करून मांडीवर घेतला आणि आपला जड हात त्यावर टेकवला. "मऊ आहे," ती म्हणाली. मग नाड्या मागितल्या आणि एका हाताने त्या प्लास्टरभोवती गुंडाळत बसली. बासष्टावा नंबर होईपर्यंत टाकेबाई प्रत्येक मुलाला स्वेटर घालून देत होत्या, हसत होत्या, पण पुढची मापं बसली की नाहीत हे त्यांना नंतर कधी आठवलं नाही.

रात्री मुक्कामाला सिस्टरची खोली होती. दुसऱ्या दिवशी परतताना टेम्पोवाला पाच-सहा वेळा काहीबाही बोलून बघून गप्प झाला. शेवटी त्यांनीच विचारलं, तू पुन्हा वर कधी जाणार? तो म्हणाला, बुधवारी, औषधं घेऊन. म्हणजे पाच दिवस.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते लोक दुसऱ्याला. आपण तर दाखवलेला हात पाहूनही पाहिला नाही. रस्ताभर त्यांच्या मनात तेच चाललं होतं. आणि त्या हातामागे इतरही काय काय येत होतं, कललेली टोपी येत होती, औषधाच्या दुकानातली ती हसणारी बाई येत होती. तो मोजा नक्की कुठे चुकला होता, हे आठवायचा त्यांनी खूप प्रयत्न केला. आठवेना. उसवल्याचं तेवढं लख्ख आठवत होतं.

दुपारी घरासमोर उतरल्यावर त्या वर गेल्या नाहीत. खालच्या मजल्याचं दार उघडंच होतं. थोरली खिडकीशी, त्याच खुर्चीत. मांडीवर यादीचा कागद आणि त्यावर भिंग. तिने मान वळवून विचारलं, "बसला?"

हो म्हणणं सोपं होतं. तिच्या हातच्या स्वेटरला सगळ्यांनी किती नावाजलं, मुलगी किती गोड दिसत होती, हे सगळं टेम्पोत येताना एकदा मनात येऊनही गेलं होतं. टाकेबाई तिच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या.

"नाही बसला. मी उसवला होता, जाऊबाई. मला वाटलं, तुमच्या हातामुळे बाही बिघडली. मी दोन्ही सारख्या केल्या."

थोरली रागावली नाही. तिने फक्त खिडकीबाहेर रस्त्याकडे पाहिलं, टेम्पो उभा राहिला होता तिथे. आणि टाकेबाईंच्या लक्षात आलं.

"तुम्हाला कळलं होतं? मी वर धरून दाखवला तेव्हाच?"

थोरलीने मान हलवली.

"मग हाक नाही का मारायची? काठी आपटायची, काहीतरी करायचं."

उत्तर यायला वेळ लागला. टाकेबाईंच्या ओठांवर तोवर तीन-चार उत्तरं येऊन गेली. तुम्हाला वाटलं असेल मला वाईट वाटेल, तुम्हाला वाटलं असेल आता उशीर झाला. पण पहिल्यांदाच त्यांनी त्यातलं एकही बाहेर पडू दिलं नाही. थोरलीचा जबडा हलत होता, शब्द चढण चढून येत होता.

"मारली," ती म्हणाली. मग खूप वेळाने, "बोलायला... वेळ... लागतो. टेम्पो... गेला."

घरात थोरलीच्या मुलाने लावून दिलेला रेडिओ हळू चालू होता. टाकेबाईंनी उठून तो बंद केला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसल्या. त्यांना सॉरी म्हणायचं होतं, पण चाळीस वर्षांत त्या हे थोरलीला कधी म्हणाल्या नव्हत्या. आणि आता म्हणून ती बाही काही परत येणार नव्हती. ती कशी होती हे नीट पाहिलेलं माणूस जगात एकच होतं. ज्या बाईंनी जन्मभर लोकांचे टाके मोजले, त्यांनी ते टाके मात्र मोजलेच नव्हते, मोजण्याआधीच ओढून काढले होते.

"टेम्पो बुधवारी परत जाणार आहे," त्या म्हणाल्या. "जाऊबाई, उजव्या बाहीला टाके किती घातले होते, तेवढं मला सांगा. सावकाश सांगा."